पहिल्या अंघोळीची पट्टी

नरकचतुर्दशीची पहाट आपल्याला किती प्रिय! पण ज्या घरात स्वमग्न मूल आहे, तिथल्या आईला विचारा. अंधारात उठवायचे, तेल चोळायचे, खरखरीत उटणे लावायचे, डोक्यावरून कढत पाण्याचा तांब्या ओतायचा. बाहेर फटाक्यांची माळ, अंगावर कडक नवे कपडे. आपली गंमत त्याच्या कातडीला आणि कानांना सोसत नाही.

आमच्या तासगावच्या घरात असा सात वर्षांचा नातू आहे. त्याच्या पूर्वीच्या सकाळी शेजारणींना भिंतीपलीकडून ऐकू जात, आणि ‘आईने लाडावून ठेवलाय’ हा शेरा अलीकडे येई. शेरा जुनाच. एके काळी अमेरिकेतले नामांकित तज्ज्ञसुद्धा आईच्या कोरडेपणाला दोष देत. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून ते खोडून काढले. मेंदूची घडणच निराळी, त्यात आईचा काय दोष?

लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची हकिगत लिहिली, तेव्हाच ‘सारे होते तसेच राहावे’ ही त्यांची ओढ टिपली होती. पुढे काय होणार हे ठाऊक असले, की या मुलांना धीर येतो. शिवाय ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले त्यांना पुष्कळदा लवकर उमगते. नॉर्थ कॅरोलिनात एरिक शॉपलर यांनी शिकवण्याची सारी पद्धतच या पायावर उभारली.

आमच्या सूनबाईंनी तेच घरच्या घरी केले. त्याचाच ब्रश, त्याचाच तांब्या, त्याचाच गणवेश यांचे फोटो काढून पुठ्ठ्यावर चिकटवले आणि मोरीशेजारी ओळीने लावले. काम झाले, की तो फोटो काढून बेदाण्याच्या रिकाम्या खोक्यात टाकतो. तोंडी हुकूम बंद! एकदाच, दोन शब्दांत सांगायचे आणि मनात दहा मोजायचे. (हे दहा मोजणे सर्वांत जड गेले ते आजोबांना.)

मग एकेक अडचण उकलत गेली. पेस्ट तिखट लागत होती, ती बदलली. शर्टाच्या मानेवरची चिठ्ठी उसवली. पाणी तो स्वतः ओतून घेतो. डोके संध्याकाळी धुतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षबागांत भल्या पहाटे फवारणीचा ट्रॅक्टर घुमू लागतो, म्हणून पट्टीवर ट्रॅक्टरचाही फोटो आला आणि उशाशी कान झाकायचे साधन.

तरी एखादी सकाळ बिघडतेच. तेव्हा बोलणे थांबवायचे, दिवा मंद करायचा, गर्दी हटवायची. सकाळी एकाएकी फारच बिघडू लागल्या, तर मात्र दात, कान, पोट डॉक्टरांकडून तपासून घ्या. दुखते हे त्याला सांगता येत नसेल.

यंदा दिवाळीची तयारी आम्ही आठ दिवस आधी धरली. रोज तळहातावर तेलाचा एकच थेंब. नवा सदरा दोनदा धुऊन मऊ केलेला. उटणे त्याच्यापुढे वाटीत ठेवायचे; हात लावला तर लावला. राहता राहिला मुहूर्त. सूर्योदयानंतर अंघोळ केली तर नरकात जातात म्हणे! तो निकाल नव्वदीच्या सासूबाईंनी दिला : “देवाला लेकरू कळतं. त्याच्या रोजच्या वेळेलाच घाला अंघोळ.”

पट्टीवर पणतीचा फोटो लागला आहे. शेवटचा फोटो पोह्यांचा, कारण करंजीला तो हात लावत नाही.