आधी महत्त्वाचे, तेही भागाभागाने

‘आधी किरकोळ कामे हातावेगळी करू, मग निवांत मोठ्या कामाला बसू,’ हा विचार शहाणपणाचा समजला जातो. त्याच्या समर्थकांचे मुद्दे तीन. बारीकसारीक कामे डोक्यावर असली की मन लागत नाही. मोठ्या कामाला सलग वेळ हवा. आणि अपुरे काम लोकांपुढे ठेवणे हा त्या कामाचाच अपमान. मला हे तिन्ही मुद्दे अमान्य आहेत.

किरकोळ कामे कधी संपतच नाहीत. एका पत्राला उत्तर पाठवावे, तर त्यावर दुसरे पत्र येते. ती संपण्याची वाट पाहणारा मोठे काम पुढे ढकलत नसतो, सोडूनच देत असतो.

सलग वेळेचे म्हणावे, तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून पाठ ठरवलेली आवृत्ती, १९१९मध्ये हाती घेतली आणि ती १९६६मध्ये पूर्ण झाली. सत्तेचाळीस वर्षांचा निवांतपणा कोणाच्या वाट्याला येतो? संपादकांनी तो मागितलाही नाही. १९२३मध्ये ना. बा. उत्गीकरांनी विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती काढून विद्वानांपुढे अभिप्रायासाठी ठेवली. १९२५मध्ये वि. सी. सुखटणकर प्रमुख संपादक झाले. १९२७पासून आदिपर्व सुट्या भागांत येऊ लागले आणि १९३३मध्ये पुरे झाले.

यात कामाचा अपमान कुठे झाला? पाठचिकित्सेची तत्त्वे मांडणारी सुखटणकरांची विख्यात प्रस्तावना १९३३ची आहे. आदिपर्वाचे भाग एकेक करून बाहेर पडत गेले, त्या अनुभवातून ती सिद्ध झाली. जानेवारी १९४३मध्ये सुखटणकर गेले, तेव्हा अभ्यासकांच्या हाती छापील पर्वे होती आणि पुढच्या संपादकांना घालून दिलेली पद्धत होती. श्री. कृ. बेलवलकर आणि नंतर प. ल. वैद्य यांनी काम तडीस नेले. सगळे एकदमच छापायचे ठरले असते, तर सुखटणकरांच्या मृत्यूनंतरही तेवीस वर्षे वाचकाच्या हाती एक पानही पडले नसते.

एक आक्षेप मात्र रास्त आहे: तुकडे पाडण्याच्या नावाखाली सोपे तेवढे उरकले जाते. म्हणून भाग कशाला म्हणायचे, हे ठरवले पाहिजे. बाकीचे काम झाले नाही तरी जो उपयोगी पडतो, तो भाग. नुसती अनुक्रमणिका, मुखपृष्ठ किंवा योजनेचा आराखडा म्हणजे भाग नव्हे. प्रयोग छोट्या पर्वावर करावा; पण तो झाल्यावर सुखटणकरांप्रमाणे हस्तलिखितांचा मोठा पसारा असलेल्या आदिपर्वालाच हात घालावा.

किरकोळ कामेही करावीच लागतात, पण ती उरलेल्या वेळात. दिवसातला ताजा वेळ महत्त्वाच्या कामाचा. कोश, गावाचा इतिहास, शाळेची प्रयोगशाळा, जे अडले असेल त्याचा वापरता येईल असा पहिला भाग आज ठरवा आणि तो लोकांच्या हाती देण्याची तारीख जाहीर करा.