नव्याचे नऊ दिवस आणि सवयीची किंमत

नव्याचे नऊ दिवस, असे मराठीत म्हणतात. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र ही म्हण पुष्कळदा उलटी लागू पडते. पाच-सहा वर्षे एका कंपनीचा लॅपटॉप वापरलेला शिक्षक जेव्हा दुसऱ्याच कंपनीचे यंत्र घरी आणतो, तेव्हा ते खोक्यातून बाहेर काढतानाचा आनंद जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकतो. पडदा अधिक उजळ असतो, वजन कमी असते, यंत्र काही सेकंदांतच सुरू होते. परंतु दुसऱ्या दिवशी प्रश्नपत्रिका टंकित करावयास बसावे, तो बोटे अडखळू लागतात. डाव्या कोपऱ्यात जेथे ‘कंट्रोल’ची कळ असावयाची तेथे ‘एफएन’ नावाची दुसरीच कळ निघते. एखादे अक्षर खोडावयास जावे, तर बोट यंत्र बंद करण्याच्या कळीवर पडते. दोन बोटांनी पान खाली सरकवू पाहावे, तर ते वर जाते. रात्री जेवताना गृहस्थ घरच्यांना एवढेच सांगतो की, आपण फसलो. जुनी कंपनीच बरी होती.

हा निष्कर्ष घाईचा आहे. पहिल्या आठवड्यातील बहुतेक तक्रारी नव्या यंत्राविषयी नसतात. त्या जुन्या सवयीविषयी असतात. आणि सवय ही अर्थशास्त्राच्या दृष्टीने फुकट मिळालेली वस्तू नव्हे. ती अंगवळणी पडावी म्हणून शेकडो तास खर्च झालेले असतात. ते एक प्रकारचे भांडवलच होय. कंपनी बदलली की या भांडवलाचा काही अंश बुडतो. दुकानदाराच्या पावतीवर यंत्राची किंमत असते, अठरा टक्के वस्तू व सेवा कर असतो. हे बुडीत भांडवल मात्र कोठेच छापलेले नसते. ते दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेबही कोणी करीत नाही.

हा हिशेब मांडण्याची वेळ सध्या अनेक घरांवर आणि कचेऱ्यांवर आली आहे. ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीला मिळणारा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. पुढच्या आवृत्तीसाठी यंत्रात विशिष्ट सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. परिणामी, ज्यांचे यंत्र अद्याप धडधाकट आहे, त्यांनाही ते बदलावे काय, हा विचार करावा लागत आहे. बदल स्वेच्छेने केला काय किंवा परिस्थितीने करावयास लावला काय, त्याची किंमत वापरणाऱ्यालाच मोजावी लागते.

कळफलकाचा धडा

सवयीच्या या किमतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण प्रत्येकाच्या बोटांखालीच आहे. इंग्रजी कळफलकावरील अक्षरांची आजची मांडणी अमेरिकेत क्रिस्टोफर शोल्स याच्या टंकलेखनयंत्राबरोबर आली; रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र १८७४ साली बाजारात आणले. पुढे १९३६ साली ऑगस्ट ड्वोरॅक याने अधिक सोयीची म्हणून दुसऱ्या मांडणीचे पेटंट घेतले. पण ती रुजली नाही. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ साली या प्रसंगावर एक गाजलेला निबंध लिहिला. एखादी पद्धत प्रथम रूढ झाली, की ती सर्वोत्तम नसली तरी केवळ सर्वांच्या सवयीच्या बळावर टिकून राहू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. १९९० साली लीबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी त्यावर आक्षेप घेतला. दुसरी मांडणी खरोखरच श्रेष्ठ होती याला भक्कम पुरावा नाही, असे त्यांनी दाखविले. वाद अजून मिटलेला नाही. परंतु एका मुद्द्यावर दोन्ही पक्षांत मतभेद नाही: जे शिकून झाले आहे ते सोडून नवे शिकणे, यास खर्च पडतो.

महाराष्ट्रातील कारकुनाला हे पुस्तकात वाचण्याची गरज नाही. मराठी टंकलेखनाच्या मिनिटास तीस शब्दांच्या प्रमाणपत्रासाठी त्याने टंकलेखन-वर्गाचे बाक झिजविलेले आहेत. संगणक आल्यावर मराठीच्या मांडण्या तीन झाल्या. एक जुन्या टंकलेखनयंत्राची. दुसरी रोमन उच्चारावर बेतलेली, जी निरनिराळ्या प्रणालींत थोडी-थोडी निराळी असते. आणि तिसरी ‘इन्स्क्रिप्ट’, जी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण ठरविली. हिच्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतांश व्यंजने असतात, आणि भारतीय लिपींना एकच मांडणी लागू पडत असल्यामुळे देवनागरीत शिकलेले बोट बंगालीत किंवा कन्नडमध्येही वाट चुकत नाही.

ज्याने इन्स्क्रिप्ट शिकून घेतले, त्याला कंपनी बदलल्याचा मराठीपुरता तरी काच होत नाही. नव्या यंत्राच्या कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली नसली, तरी मांडणी तीच असते. उलट ज्याने एखाद्या विशिष्ट साधनाचीच सवय लावून घेतली, तो त्या साधनाला बांधला जातो. सामायिक प्रमाणावर घेतलेले कष्ट यंत्राबरोबर मोडीत निघत नाहीत. कंपनीच्या खाजगी पद्धतीवर घेतलेले कष्ट निघतात.

ओलीस राहिलेली अक्षरे

हाच प्रकार जुन्या मजकुराचा. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा मिळाली होती. तरीही पुढे कित्येक वर्षे मराठी कचेऱ्यांतून, छापखान्यांतून आणि महाविद्यालयांतून अशा टंकांचा वापर चालू राहिला की, ज्यांत संगणकाच्या लेखी अक्षर रोमन असे आणि त्यावर केवळ देवनागरी मुखवटा चढविलेला असे. नव्या लॅपटॉपवर ती फाइल उघडली आणि तो टंक तेथे नसला, की मुखवटा गळून पडतो आणि पडद्यावर रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग उभी राहते. पंधरा वर्षांच्या टिपणांची, निकालपत्रांची वा इतिवृत्तांची ही अवस्था पाहून माणूस नव्या यंत्राला दूषणे देतो. वास्तविक यंत्राचा येथे काडीचाही दोष नाही. मजकूर मालकाचा असूनही तो ओलीस ठेवला गेला होता, एवढेच यंत्र बदलल्यामुळे उघडकीस आले.

यातून सुटका आहे. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. पण रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार तपासून घ्यावे लागतात, आणि ते काम जुने यंत्र हाताशी चालू असतानाच करणे शहाणपणाचे. जुने यंत्र विकून टाकल्यावर जाग आली, तर पडताळून पाहावयास मूळ उरत नाही.

दिसणारे गुण, न दिसणारे गुण

पहिल्या ओळखीवर विसंबू नये याला आणखी एक कारण आहे. फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली वस्तूंच्या गुणांत एक मूलभूत भेद केला. काही गुण खरेदीपूर्वीच पाहून कळतात; काही मात्र वापरल्यावरच कळतात. पडद्याची चमक, जाडी, रंग हे पहिल्या प्रकारचे. बिजागरी किती दिवस घट्ट राहील, उन्हाळ्यात तास-दीड तास काम केल्यावर यंत्र तापून मंद पडते काय, शेकडो वेळा भारित केल्यावर बॅटरीत किती दम उरतो, बिघाड झाल्यास सुटा भाग किती दिवसांत येतो, हे दुसऱ्या प्रकारचे. दुकानातील झगमगाट पहिल्या प्रकारच्या गुणांचा असतो. पाच वर्षांचा संसार दुसऱ्या प्रकारच्या गुणांवर चालतो. त्याच वर्षी जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, वस्तूचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर चांगला माल बाजारातून मागे हटू लागतो.

पहिल्याच दिवशी गैरसमज निर्माण करणाऱ्या काही गोष्टी तर निव्वळ अंकगणिताच्या असतात. खोक्यावर ५१२ गिगाबाइट लिहिलेले असते आणि विंडोज सुमारे ४७६ दाखविते. कोणी चोरी केलेली नसते. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि प्रणाली १०२४ च्या पटीत मोजते. याउलट खरोखर महत्त्वाची बाब, म्हणजे स्मृती मुख्य फलकावर कायमची डाखलेली आहे की पुढे वाढविता येण्याजोगी आहे, ही माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरांत दडलेली असते. अनेक सडपातळ यंत्रांत ती डाखलेली असते, आणि मग तीन वर्षांनी गरज वाढली तर यंत्रच बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

कंपनीच्या नावाविषयीचा अभिमान किंवा राग हाही जरा बेतानेच बाळगलेला बरा. निरनिराळ्या नावांच्या यंत्रांत प्रोसेसर बहुधा इंटेलचा किंवा एएमडीचा असतो. आणि क्वांटा, कॉम्पाल यांसारख्या तैवानी कंपन्या एकाच वेळी अनेक नामवंत कंपन्यांसाठी लॅपटॉप बनवितात. तेव्हा झाकणावरील नाव बदलले म्हणजे आतले सर्व बदलले, असे नाही. पुष्कळदा बदलतात ते कळफलक, बांधणी, आधीपासून भरून दिलेले प्रोग्रॅम आणि विक्रीनंतरची सेवा. नावाची किंमत द्यावयाचीच असेल, तर ती या शेवटच्या गोष्टीसाठी द्यावी.

किमतीचा विचारही वर्षांवर विभागून केला पाहिजे. उदाहरणादाखल, पंचेचाळीस हजारांचे यंत्र तीन वर्षे टिकले, तर वर्षाला पंधरा हजार पडतात. साठ हजारांचे सहा वर्षे टिकले, तर दहाच हजार. शिवाय पहिल्या प्रकरणात सवय बदलण्याची किंमत सहा वर्षांत दोनदा मोजावी लागते. हे साधे गणित शाळा-महाविद्यालयांच्या खरेदीत हरवते, कारण तेथे सर्वांत कमी दराच्या निविदेकडे कल असतो. खरेदी करणारी समिती वेगळी आणि वर्षानुवर्षे त्या यंत्रांशी झगडणारा लिपिक वेगळा, मग दुसरे काय होणार?

सोडून जाण्याची मुभा

एवढे सारे असेल तर जुन्याच कंपनीला चिकटून राहावे, असा अर्थ कोणी काढील. तो बरोबर नाही. अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० सालच्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, सेवा ढासळली तर ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठविणे. दारच बंद असेल, तर उठविलेल्या आवाजालाही वजन राहत नाही. ग्राहक जाऊ शकतो, या जाणिवेनेच विक्रेता ताळ्यावर राहतो. म्हणून प्रश्न आहे तो एवढाच की, हे दार सहज उघडावे कसे?

याचे उत्तर या देशाने एकदा दिलेले आहे. भ्रमणध्वनीचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ रोजी ती देशभर लागू झाली. त्यापूर्वी क्रमांक हीच ग्राहकाच्या पायातील बेडी होती. युरोपीय संघाने २०२२ साली सामायिक चार्जरचा नियम केला. फोनसारख्या उपकरणांना तो २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. भारतातही केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. दिशा योग्य आहे. पण माहिती देणे आणि हक्क देणे यांत अंतर आहे. सुटा भाग किती वर्षे मिळेल आणि दुरुस्ती कोण करू शकेल, हे विक्रीच्या वेळीच खोक्यावर लिहिण्याचे बंधन असावयास हवे.

यावर एक आक्षेप घेतला जातो. सर्वांना एकाच साच्यात बसविले तर नवे शोध खुंटतील, असे कंपन्या म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. अकाली गोठविलेले प्रमाण प्रगतीला जाचक होऊ शकते. परंतु येथे मागणी घर सारखे बांधण्याची नसून उंबरठा सारखा ठेवण्याची आहे. मजकूर, कळफलक, वीजजोडणी आणि दुरुस्ती एवढ्या चार बाबी सामायिक राहिल्या, तर आत कंपनीने हवे ते नावीन्य आणावे.

या चर्चेत खरा भरडला जातो तो मोठ्या शहरातील हौशी ग्राहक नव्हे. तालुक्याच्या गावी हप्त्यांवर लॅपटॉप घेणारा विद्यार्थी आणि भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन तो घेणारा शिक्षक, यांच्यासाठी ही पाच-सहा वर्षांतून एकदा होणारी खरेदी असते. सेवाकेंद्र जिल्ह्याच्याही पलीकडे असेल, तर दुरुस्तीला एक रजा आणि एसटीचे भाडे मोजावे लागते. चूक झाली तर ती सुधारण्याची संधी त्याला लवकर मिळत नाही. म्हणून त्याने नव्या यंत्रास पहिल्या दिवशी दोषी ठरवू नये, तसेच पहिल्या दिवशी भाळूनही जाऊ नये. परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ते भरपूर तापवून पाहावे, बॅटरी पूर्ण उतरवून पाहावी, जुन्या मराठी फाइली उघडून पाहाव्यात. बोटांच्या तक्रारींना मात्र महिनाभर थांबावयास सांगावे.

महिन्यानंतर बोटे गप्प होतात. त्यानंतरही जी तक्रार शिल्लक राहील, ती यंत्राविषयीची खरी तक्रार समजावी. आणि ती करूनही कोणी ऐकले नाही, तर पुढच्या खेपेस दुसरे दार ठोठावण्याइतकी मोकळीक ग्राहकाने आपल्यापाशी राखून ठेवावी.