'निरर्थक' आणि 'भंकस'

मार्टिन एस्लिन यांच्या १९६१ च्या ग्रंथानंतर 'ॲब्सर्ड' ही संज्ञा मराठी समीक्षेत रुळली. तिच्यासाठी 'असंगत', 'विसंगत', 'निरर्थक' हे शब्द आलटून पालटून वापरले गेले, जणू त्यांत भेदच नाही. मूळ लॅटिन शब्दाचे नाते मात्र कानाशी आहे: 'सुर्दुस' म्हणजे बहिरा, 'अब्सुर्दुस' म्हणजे बेसूर. बेसूर ठरायला ऐकणारा लागतो. 'निरर्थक'ने नेमका हा ऐकणाराच हद्दपार केला. अर्थाचा अभाव हा दगडाच्या वजनासारखा वस्तूचा गुणधर्म होऊन बसला.

बोलभाषा इतकी बेसावध नाही. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. तेथे मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू एकमेकींच्या अंगावर पडतात आणि धोट्यांच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात शेजाऱ्याचे वाक्यही कानी पोचत नाही. न पोचलेले ते वाक्य निरर्थक असते काय? मुंबई-ठाणे पट्ट्यातला 'भंकस' हा शब्द येथे पाहण्याजोगा आहे. भंकस 'असते' त्याहून अधिक ती 'केली' जाते, 'लावली' जाते; म्हणजे करणारा आणि ऐकणारा दोघेही व्याकरणातच हजर आहेत. मित्रांनी रात्रभर केलेली भंकस हवीहवीशी असते. मजुरीवाढीची मागणी मालकाला भंकस वाटते, तर मालकाचे आश्वासन कामगाराला. हा शब्द दोन्ही दिशांनी फेकता येतो. 'निरर्थक' मात्र बहुधा वरून खालीच येतो, आणि तोही निकालपत्राच्या थाटात.

अशा बाजारू शब्दाला परिभाषेत स्थान नाही, असा आक्षेप येईल. (परिभाषेचे सोवळे लॅटिनच्या बाबतीत कधी आड आले नव्हते!) शब्द हवा तो घ्यावा, कोणाच्या कानाला बेसूर, हे सांगणे मात्र टळत नाही.

सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' (१९७४) घ्या. मेलेल्या भाऊरावांना जुन्याच स्मशानात जळायचे आहे. जगाच्या लेखी हा हट्ट अनाकलनीय. प्रेताच्या लेखी तो संपूर्ण सुसंगत. शिवाय घाट कीर्तनाचा, म्हणजे श्रोता रचनेतच बसवलेला. तरीही 'असंगत नाट्य' अशी चिठ्ठी डकवून समीक्षा मोकळी होते, आणि हा हट्ट कोणाला ऐकू येत नाही, हे विचारायचे राहून जाते.