अपघात धुळ्याला, तक्रार इंदूरला

लग्नकार्य असो की कुलदैवताचे दर्शन, गाडी काढायची आणि आग्रा-मुंबई महामार्गाने खानदेश, नाशिक, पुण्याकडे निघायचे, हे आपल्या इंदूरकर मराठी कुटुंबांच्या अंगवळणी पडले आहे. अशा प्रवासात धुळ्याजवळ गाडी ठोकली गेली, जीव वाचले, तर देवाचे आभार मानून आपण परततो. खरी दमछाक त्यानंतर सुरू होते. गॅरेज परराज्यात, पॉलिसी इंदूरची, आणि बिलात कापलेल्या रकमेबद्दल विचारले की गॅरेजवाला विमा कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी सर्व्हेअरकडे.

यात सगळीच कपात अन्यायाची नसते, हे आधी समजून घेऊ. साध्या सर्वंकष पॉलिसीत सुट्या भागांवर घसारा वजा होतो. प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के, काचेवर काहीच नाही, धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. समजा, गाडी साडेचार वर्षांची आहे. १२ हजारांच्या बंपरचे ६ हजार आणि २० हजारांच्या बॉनेटचे ३५ टक्के, म्हणजे ७ हजार, आपल्यालाच भरावे लागतात. 'शून्य घसारा' जोडकवच घेतले असेल तर हा भार बहुतांशी टळतो. 'कॅशलेस'चा अर्थ आपल्या खिशातून काहीच जाणार नाही, असा नव्हे.

मात्र नियमात नसलेली कपात मुकाट्याने सोसण्याचे कारण नाही. सर्व्हेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका ट्रकच्या अपघाताच्याच प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून अहवालाची प्रत लेखी मागावी आणि बिलाशी एकेक ओळ ताडून पाहावी. 'पूर्ण व अंतिम' असे छापलेल्या पावतीवर घाईत सही करू नये. फसवून किंवा दबावाखाली सही घेतली गेली असेल, तर तेवढ्यावरून ग्राहकाचा हक्क संपत नाही, हेही न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले आहे. पण तो दबाव सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते.

दाद कुठे मागायची? १९८६ च्या कायद्यात समोरचा पक्ष जिथे असेल किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले असेल तिथे जावे लागे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हे बदलले. आता आपण राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. धुळ्याच्या गॅरेजने काम निकृष्ट केले, तरी तारखांसाठी धुळ्याच्या फेऱ्या नकोत. मोबदला, म्हणजे भरलेला हप्ता किंवा दुरुस्तीचे बिल, ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची.

तक्रार केवळ विमा कंपनीविरुद्ध असेल तर दुसरी वाट आहे विमा लोकपालाची. मध्य प्रदेशासाठी हे कार्यालय भोपाळला आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येते. इथेही शुल्क नाही. पण गॅरेजविरुद्धची तक्रार लोकपाल ऐकत नाही, आणि तोच वाद ग्राहक आयोगात चालू असेल तर ही वाट बंद होते. म्हणून दार विचार करून निवडावे.

परराज्यात गाडी बिघडली की 'कोण एवढे करत बसणार' म्हणून आपण पैसे सोडून देतो. कायद्याने आता आयोग आपल्या गावात आणला आहे. आपल्या हाती एवढेच उरते: ठोकलेल्या गाडीचे फोटो, दुरुस्तीचे अंदाजपत्रक, बिल आणि प्रत्येक पत्राची प्रत जपून ठेवणे. तोंडी आश्वासनाला आयोगासमोर किंमत नाही; कागदाला आहे.