राई हेही एक दप्तरच

मा. संपादक,


गेल्या अंकात एका वाचकांनी आमच्या इतिहास मंडळाला सल्ला दिला आहे. मंडळाने मोडीचे वर्ग घ्यावेत, शिलालेख वाचावेत, मुलांना गडावर न्यावे. झाडांचे काय ते वन खाते बघेल, असे ते म्हणतात. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राईतली जुनी झाडे तोडायला आम्ही ग्रामसभेत हरकत घेतली, त्यावरून हे निघाले आहे. पत्राची भाषा सभ्य आहे, पण सल्ला मला पटलेला नाही.

आधी आमची चूक सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी मंडळाने राईतले तीन वीरगळ ट्रॅक्टरवर घालून देवळापुढे आणले, सिमेंटच्या चौथऱ्यात बसवले आणि शेजारी फलक लावला. पहार धरणाऱ्यांत मीही होतो. आज त्या दगडांवर ऑइलपेंटचे थर चढले आहेत. ते राईत नेमके कुठे होते, त्यांची तोंडे कुणीकडे होती, हे कुणालाच सांगता येत नाही. घाटाकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर होते की पाणवठ्याशी? दामोदर धर्मानंद कोसंबींनी आपल्या मावळातल्या देवींची ठाणी आणि जुन्या वाटा यांचा संबंध 'मिथ अँड रिॲलिटी' (1962) या पुस्तकात जोडून दाखवला, तो ठाणी जागच्या जागी होती म्हणून. आम्ही मात्र दगड वाचवले आणि त्यांची जागा पुसून टाकली. पुडक्यातला एकच कागद ओढून काढावा आणि बाकीचे पुडके चुलीत घालावे, तसे झाले. तेव्हापासून माझे मत पक्के आहे: राई हे इतिहासाचे दप्तर आहे, आणि दप्तर राखणे हे इतिहास मंडळाचेच काम आहे.

'शिवकाल म्हणजे गड, झाडांचा काय संबंध' असे विचारणाऱ्यांनी रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' काढून पाहावे. आरमारासाठी लाकूड लागते, तरी रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण माणसाने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे त्यात बजावले आहे. गडाभोवतीची झाडी तर गडाची राखणच मानली आहे. तिच्यातली काठीसुद्धा तोडू देऊ नये, असा दंडक आहे. जुलै 2025 मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आपला लोहगड त्यांत आहे. तटाच्या दगडाला वारसा म्हणायचे आणि घेऱ्यातली झाडी पार्किंगसाठी साफ करायची, हे अमात्यांना मुळीच रुचले नसते.

राहिला 'वन खाते बघेल' हा मुद्दा. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावची राई 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तोडीला निघाली, ती वन खात्याकडूनच. गावकऱ्यांचे म्हणणे साधे होते: राई गेली तर ओढा आटेल. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या अभ्यासकांनी ते उचलून धरले आणि राई वाचली. यात खात्याला दोष देण्याचा हेतू नाही. कुठली राई वनजमिनीवर असते, कुठली महसूलच्या, कुठली खासगी. सातबाऱ्यावर 'देवाची राई' म्हणून नोंद असेलच असे नाही, आणि जे कागदावर नाही ते तोडताना कुणाचा हात अडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2024 रोजी राजस्थानातल्या देवरायांची मोजणी करून त्यांना संरक्षण देण्यास सांगितले आणि देशभरासाठी धोरण आखावे अशी शिफारस केली. मोजणी, नकाशा, नोंद, जुन्या माणसांच्या साक्षी: हे काम इतिहास मंडळाला जमत नसेल तर कुणाला जमेल?

गावकऱ्यांच्या दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. गाभारा गळतो, हे मी पावसाळ्यात पाहिले आहे. त्यावर उपाय वर्गणीचा आहे. मंडळाने आपल्या गंगाजळीतून पहिली पावती फाडायची तयारी सभेतच दाखवली. दुसरी भीती अशी की नोंद झाली की सरकार कुंपण घालील आणि देवाला जायची चोरी होईल. आंबोलीच्या महादेव मंदिराचा परिसर तिथल्या दुर्मीळ माशामुळे 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाला, तरी देवाची पूजा थांबलेली नाही. शिवाय असे स्थळ जाहीर करण्याआधी स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करावी लागते, हे कायद्यातच आहे.

म्हणून मागण्या दोनच. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत राईची हद्द, झाडे, पाणी आणि दगड यांची पाने भरली जावीत. आणि ती भरेपर्यंत, काम देवाचे असले तरी, राईत कुऱ्हाड चालू नये. नोंदीचे काम मंडळ विनामोबदला करील. वीरगळांच्या वेळची चूक या वेळी होणार नाही; एकही दगड हलणार नाही.

पत्रलेखकांना मोडीची काळजी वाटते, ती मलाही आहे. आमच्या मंडळात मोडी वाचणारे सात जण आहेत. राईतले झाड न् झाड नावानिशी सांगणाऱ्या आजी मात्र गावात एकच उरल्या आहेत, आणि त्यांना ऐंशी उलटली आहेत. गेले दोन रविवार आम्ही वही घेऊन त्यांच्या ओसरीवर बसतो. पत्रलेखकांनी तिसऱ्या रविवारी जरूर यावे.

आपला,
इतिहास मंडळाचा एक जुना सभासद,
मावळ (जि. पुणे)