सेंद्रिय भाजी आणि सुशिक्षितांचा उपदेश

सेंद्रिय शेती श्रेष्ठ कीं रासायनिक, या प्रश्नावर आमचा सुशिक्षित वर्ग हल्लीं मोठ्या हिरिरीनें बोलतो. एक पक्ष युरियाला विष म्हणतो. दुसरा शेणखताची गोष्ट निघाली कीं हंसतो. शेगांवच्या बाजारांत वांगीं-मेथीची पाटी घेऊन बसणाऱ्या शेतकऱ्याचा जमाखर्च मात्र दोघांपैकीं कोणीच पाहत नाहीं. आमची तक्रार दोघांविरुद्ध आहे, पण पहिल्याविरुद्ध अधिक. कारण त्याचें म्हणणें पुष्कळ अंशीं खरें असून तें सिद्धीस नेण्याचा भार तो दुसऱ्यावर टाकतो.

खरें कसें, तें आधीं सांगूं. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें १८४३ पासून एकाच शेतांत गव्हाला दोन्ही तऱ्हेचीं खतें देऊन पाहत आहेत. रासायनिक खतावरही पीक तेथें उत्तम येतें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु शेणखताच्या तुकड्यांतील सेंद्रिय कर्ब शेजारच्या रासायनिक तुकड्यांच्या दुपटीहून अधिक आहे. कर्बामुळें माती भुसभुशीत राहते व ओल धरते. आणि २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक माणसें दगावलीं, तें विसरून दुसऱ्या पक्षानें हंसावें हें शोभत नाहीं.

परंतु शेगांवभोंवतालचा बराच मुलूख पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत मोडतो. विहिरीचें खारें पाणी भाजीला दिलें कीं त्यांतील सोडियम काळ्या मातीची घडण मोडतो. मग ती ओली असतां चिकट आणि वाळली कीं दगडासारखी. येथें आधीं शेततळ्यांतलें पावसाचें गोडें पाणी हवें, जिप्सम हवें, धैंचा गाडावयास हवा. केवळ जीवामृताच्या घागरीनें हें काम होणार नाहीं.

आतां नफा. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणींत सुमारें २१ किलो नत्र असतें. शेणखतांत तें शेंकडा अर्धा धरलें, तर तेवढ्या नत्राला चार टन शेणखत लागेल. तें कोठून आणावयाचें? गोठे तर रिकामे होत चालले! जगभरच्या प्रयोगांची २०१५ सालीं झालेली एक तुलना याहून बोलकी आहे. सेंद्रिय मालाला बाजारांत मिळणारा अधिक दर धरला, तर त्या शेतीचा नफा २२ ते ३५ टक्क्यांनीं जास्त. तो दर काढून टाकला, तर २३ ते २७ टक्क्यांनीं कमी. म्हणजे निकाल शेतांत लागत नाहीं, गिऱ्हाइकाच्या खिशांत लागतो. त्यांतून प्रमाणपत्रापूर्वीं संक्रमणाचीं निदान दोन वर्षें जावीं लागतात. तोंवर उत्पन्न घटलेलें आणि भाव मात्र साध्या भाजीचा.

श्रीलंकेनें २०२१ च्या एप्रिलांत रासायनिक खतांची आयात एका फटक्यांत बंद केली आणि नोव्हेंबरांत तो हुकूम मागें घेतला. मधल्या महिन्यांत जें सोसलें तें शेतकऱ्यानें, उपदेशकांनीं नव्हे. आमच्याकडे हुकूम नाहीं, एवढाच फरक. दुकानांतली चकचकीत पुडी निमूटपणें घेणारे गृहस्थ कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांसाठीं हुज्जत घालतात, आणि घरीं येऊन मातीच्या आरोग्यावर बोलतात.

यांपैकीं दहा कुटुंबांनीं शेगांवच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याशीं दोन वर्षांचा करार करावा. दर वाढवून ठरवावा, निम्मी रक्कम पेरणीपूर्वीं द्यावी, किडकें वांगें परत करूं नये, आणि स्वयंपाकघरांतला ओला कचरा वेगळा काढून त्याच्या कंपोस्टच्या खड्ड्यापर्यंत स्वखर्चानें पोहोंचवावा.