आईची सुटी



मागच्या रविवारी बुद्धविहारातील बैठक संपल्यावर एक तरुण कार्यकर्ता माझ्याजवळ आला. म्हणाला, "दादा, आईला घेऊन चार दिवस कुठेतरी समुद्रकाठी निवांत राहून यावे असे वाटते. तुम्ही दीवला जाऊन आलात, तर काय काय केले ते सांगा." त्याला हॉटेल आणि गाडीची माहिती हवी होती. ती मी दिलीच. पण आमचा पहिला बेत कसा फसला, तेही त्याला सांगितले. ते ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, "हे पेपरात लिहा." म्हणून हा लेखप्रपंच.

माझी आई ७२ वर्षांची आहे. एका मोठ्या रुग्णालयात तिने ३१ वर्षे आया म्हणून नोकरी केली. रात्रपाळी केली, आम्हा चार भावंडांना शिकवले, वडील गेल्यावर घर ओढले. तिने प्रवास केला नाही असे नाही. गावी गेली, लग्नाला गेली, मयतीला गेली, नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. समुद्र तर दरवर्षी पाहते, पण तो ६ डिसेंबरला, दादरला, चैत्यभूमीच्या रांगेत उभी राहून. कर्तव्य म्हणून जाणे तिला ठाऊक आहे. नुसते बसण्यासाठी कुठे जायचे असते, हे तिच्या आयुष्यात कधी आलेच नाही.

म्हणून ठरवले की आईला एकदा बेटावर न्यायचे. अंदमान आपल्या खिशाला परवडणारे नाही. दीव मात्र आवाक्यात वाटले. सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला लागूनच हे बेट आहे. पूल असल्यामुळे बोटीत चढउतार नाही. गाव लहान आणि बराचसा भाग सपाट. १९६१ सालापर्यंत तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते, आणि १९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. आज दीव हा दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव या प्रदेशाचा एक जिल्हा आहे.

मी पडलो कारकून, त्यातून बी.कॉम. तक्त्याशिवाय मला चैन पडत नाही. पतपेढीत दरमहा १,००० रुपये असे २० महिने टाकले होते. ते पैसे हाती येताच मी कागदावर रकाने आखले. तीन दिवस, चौदा ठिकाणे. सोमनाथ, गीरचे जंगल, दीवचा किल्ला, नागवा किनारा, नायडा गुंफा, येताना जुनागढ, उपरकोट. पैसे खर्च करतोच आहोत तर सगळे पाहून घ्यावे, असा माझा हिशेब. तो कागद मोठ्या अभिमानाने आईपुढे ठेवला.

आई म्हणाली, "माझे गुडघे दुखतात रे. तुम्ही जाऊन या."

आठ दिवसांनी पुन्हा विचारले. म्हणाली, "एवढा पैसा कशाला घालवतोस? पोरीच्या कॉलेजला लागेल." तिसऱ्यांदा विचारले तर म्हणाली, "लोक काय म्हणतील? म्हातारपणी हिला हौस आली." प्रत्येक वेळी कारण वेगळे. मला राग आला. आपण इतके करतो आणि हिला किंमत नाही, असेही मनात येऊन गेले. आज ते आठवले की माझी मलाच लाज वाटते.

खरे कारण माझ्या पत्नीने काढले. एके दुपारी दोघी भाजी निवडत बसल्या होत्या. पत्नीने सहज विचारले, "आत्या, खरं सांगा, काय अडतंय?" आई बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "पोरी, मला तासा-दीड तासाला जावं लागतं. दम निघत नाही. रस्त्यात कुणाला सांगू? गाडी थांबवा म्हणू?"

दोन वर्षांपासून तिला हा त्रास होता. घराबाहेर पडायचे असले की ती सकाळपासून पाणी पीत नसे. नागपूरला जाताना तर आदल्या रात्रीपासूनच पाणी बंद. वाचकहो, ती नागपूरची बस कोण ठरवतो? मीच. बारा वर्षे आमच्या मंडळाची बस मी नेतो आहे. सीट किती, वर्गणी किती, जेवणाची पाकिटे किती, सगळे माझ्या वहीत असते. बस चार-चार तास थांबत नाही आणि थांबते ती ढाब्यावर, जिथे पुरुष कुठेही उभे राहतात. आपल्या माता-भगिनी काय करतात, हा रकाना माझ्या वहीत कधी नव्हताच.

आणि ज्या बाईने ३१ वर्षे परक्या रुग्णांची भांडी उचलली, कधी नाक मुरडले नाही, तिला स्वतःची अडचण पोटच्या मुलाला सांगता आली नाही. यात दोष तिचा नाही.

मग आम्ही पहिले काम कोणते केले? तिकीट काढले नाही, डॉक्टर गाठला. त्यांनी लघवी आणि साखर तपासली. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. त्यावर औषध झाले आणि त्रास निम्म्याने उतरला. पाणी तोडू नका, त्याने त्रास वाढतो, असे त्यांनी आईला बजावून सांगितले. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही लघवी जास्त होते. तेव्हा प्रवासाच्या दिवशी गोळी केव्हा घ्यायची तेही त्यांना विचारून घेतले. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. सांगायचे तात्पर्य, "वय झाले, चालायचेच" म्हणून हा त्रास अंगावर काढू नका. मधुमेह असो, संसर्ग असो, पुष्कळ कारणांवर उपचार आहेत.

त्यानंतर जुना कागद फाडला. नवा कागद आईला मध्ये बसवून केला. त्यातले मुद्दे देतो. दीवच नव्हे, कुठेही जायचे तरी उपयोगी पडतील.

पहिला मुद्दा दिवस निवडण्याचा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, उन्हाळ्यात ऊन सोसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. दिवाळी आणि नाताळात गर्दी होते, खोल्यांचे भावही चढतात. शिवाय गुजरातेत दारूबंदी आहे आणि दीवमध्ये नाही, त्यामुळे शनिवार-रविवारी पिणाऱ्यांची रीघ लागते. म्हणून आम्ही २०२५ च्या जानेवारीत रविवारी निघालो, सोमवारी पोहोचलो आणि शुक्रवारी दीव सोडले. खोली ठरवताना खाली बार आहे का, हे स्पष्ट विचारा.

दुसरा मुद्दा रेल्वेचा. वांद्रे टर्मिनसहून वेरावळला सौराष्ट्र जनता एक्सप्रेस जाते. रात्र गाडीतच जाते. वेरावळ हे शेवटचे स्टेशन, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला उतरताना घाई नाही. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. ४५ वर्षांवरील महिलांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी, आणि दोघेही त्या नियमात बसणारे हवेत. माझी पत्नी ४६ वर्षांची. सासू-सुनेचे तिकीट त्या कोट्यातून काढले, माझे आणि मुलीचे वेगळे. पत्नी म्हणाली, "वय वाढल्याचा पहिल्यांदाच फायदा झाला." ज्येष्ठ महिलांना पूर्वी भाड्यात ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. खिडकीवर एकदा विचारून घ्या, पण हिशेब पूर्ण भाड्याचाच धरा. स्टेशनात चाकाची खुर्ची मिळते, स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात मागायला संकोच करू नका.

तिसरा मुद्दा रस्त्याचा. वेरावळ ते दीव सुमारे ९० किलोमीटर. एस.टी. स्वस्त पडते, पण ती आपल्यासाठी थांबत नाही. आम्ही गाडी केली आणि ड्रायव्हरला आधीच सांगितले की दर तासाला थांबायचे, आईने म्हणण्याची वाट पाहायची नाही. हे महत्त्वाचे आहे. थांबा ठरलेला असला की कुणाला तोंड उघडावे लागत नाही. सोमनाथ-गीर वगळल्याने जे पैसे वाचले, त्यात गाडीचे भाडे निघाले.

चौथा मुद्दा खोलीचा. फोनवर तीन प्रश्न विचारा. खोली तळमजल्यावर आहे का? संडास खोलीत आहे का आणि कमोड आहे का? बाथरूमच्या दारात उंच पायरी आहे का? समुद्र दिसतो का, हा चौथा प्रश्न. बॅगेत रात्रीसाठी टॉर्च, रबरी तळव्याची चप्पल, दोन जादा साड्या, औषधांची चिठ्ठी आणि पॅडचे पाकीट ठेवा. ते लागले नाही तरी ते आहे एवढ्यानेच धीर येतो.

पाचवा मुद्दा, दिवसाला एकच ठिकाण. सकाळी आठ ते अकरा बाहेर, दुपारी झोप, संध्याकाळी किनारा. पहिल्या संध्याकाळी घोघला किनाऱ्यावर गेलो. पूल ओलांडला की तो लागतो. २०२० साली आपल्या देशातील पहिल्या आठ किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळाले, त्यात घोघला होता. हे मानांकन देताना पाण्याच्या स्वच्छतेबरोबर स्वच्छतागृहे आणि अपंगांची सोयही पाहिली जाते. असले मानांकन मी एरवी वाचलेही नसते. आता सगळ्यात आधी तेच पाहतो.

दुसऱ्या दिवशी किल्ला. पोर्तुगीजांनी तो १५३५ पासून बांधला. तटावर चढायला पायऱ्या आहेत. आई खालीच सावलीत बसली, आम्ही आळीपाळीने वर गेलो. समुद्रात जहाजासारखा दिसणारा पाणीकोठा तिने काठावरूनच पाहिला. तिसऱ्या दिवशी 'खुकरी' या युद्धनौकेचे स्मारक पाहिले. ९ डिसेंबर १९७१ रोजी ही नौका दीवजवळच्या समुद्रात बुडाली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. आईने तिथे दोन मिनिटे हात जोडले. "कुणाची पोरं ती," एवढेच म्हणाली.

चौथ्या दिवशी नागवा. घोड्याच्या नालेसारखा वळलेला किनारा, काठाला फांद्या फुटलेली होका ताडाची झाडे. गर्दी अगदी थोडी. एक खुर्ची भाड्याने घेतली, ती सावलीत मांडली. स्वच्छतागृह कुठे आहे ते पत्नीने आधीच पाहून ठेवले होते. आई त्या खुर्चीत दोन तास बसली. चहा प्यायली, नारळपाणी प्यायली. पाणी प्यायली, हे मी मुद्दाम लिहितो. मी दोनदा विचारले, "आई, कंटाळा आला का? अजून काही दाखवू?" ती म्हणाली, "बस की रे गुमान. आज दोन तास झाले, मला कुणी हाक मारली नाही."

येताना जुनागढला एक रात्र राहिलो. उपरकोटच्या बौद्ध गुंफा पाहण्याची माझी फार इच्छा होती, पण तिथे पायऱ्या पुष्कळ. आईने सांगितले, "तुझं गुंफेचं नंतर बघ, त्या अशोकाच्या दगडापाशी ने." गिरनारच्या वाटेवर, रस्त्यालगतच एका छोट्या इमारतीत ती शिळा आहे. सम्राट अशोकाचे चौदा लेख तिच्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. मुलीने आजीला त्यांचा अर्थ समजावून सांगितला. दुसऱ्या लेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचार, वाटेवर विहिरी आणि झाडे यांची सोय केल्याचे आहे. तिसऱ्यात आईवडिलांची सेवा चांगली असे आहे. आई म्हणाली, "बावीसशे वर्षांपूर्वी राजानं वाटसरूची सोय बघितली होती म्हण की." मी खाली मान घातली, कारण मला माझ्या बसची वही आठवली.

परतीला जुनागढ स्टेशनात गाडी थोडाच वेळ थांबते. आपला डबा कुठे येतो ते आधी विचारून आईला त्या जागी बाकावर बसवले. घरी आल्यावर हिशेब केला. २० हजारांत ६४० रुपये कमी पडले, ते मुलीने आपल्या शिकवणीच्या पैशातून दिले.

आता कार्यकर्त्या बंधूंसाठी एक गोष्ट. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या मंडळाची बस दर दोन तासांनी थांबेल. जागा आधी पाहून ठरवल्या आहेत, स्त्रियांसाठी स्वच्छ आणि दार लागणारे संडास असतील तिथेच. पोहोचायला दोन तास उशीर होईल, त्यासाठी निघायची वेळ दोन तास अलीकडे आणली आहे. यादी करायला या वेळी दोन महिला कार्यकर्त्या आहेत. आपापल्या वस्तीतील बसच्या वहीत हा रकाना वाढवावा, ही विनंती.

आणि घरी आई "तुम्ही जाऊन या" म्हणाली, तर तिचे पहिले कारण खरे धरू नका. तुम्हाला सांगणार नाही ती. सुनेला, लेकीला तिच्याजवळ भाजी निवडायला बसवा.

जयभीम.